सत्तावीस दोष आणि एक स्टीलचा डबा

मला आमच्या मंडळाची शिसारी आली आहे, आणि मंडळाचा चिटणीस इतकी वर्षं मीच असल्यामुळे त्यातली बरीचशी स्वतःचीच आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी इतरांना नावं ठेवायला लागलो की वाचणाऱ्याने मला त्यातून सोडू नये.

मंडळ म्हणजे गणपतीचं नव्हे. नारायण पेठेत एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही अकरा माणसं जमायचो. सगळे पन्नाशीच्या पुढचे, बहुतेक निवृत्त. आमच्यात समान गोष्ट एकच. आम्ही अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, जिचं नाव सांगितलं की कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस आमच्याकडे दयेने बघतो. कॉम्प्युटर चालू केल्यावर आतला सगळा कारभार जी सांभाळते ती ही यंत्रणा. जगातली बाकी माणसं दोन-तीन ठरावीक वापरतात, आणि आमची त्यांत नाही. ती बनवणारी परदेशातली कंपनी केव्हाच बुडाली, पण हौशी लोकांनी सिस्टिम जिवंत ठेवली. ती मध्येच काही विचारत नाही, स्वतःहून काही उतरवून घेत नाही, सांगितलं तेवढंच करते. हा शेवटचा गुण आमच्या एकाही सभासदात नाही.

अडचण होती ती यंत्रांची. ही सिस्टिम ठरावीक जुन्या मशिनांवरच चालायची. ती मशिनं आम्ही जुन्या बाजारातून, बुडालेल्या जाहिरात कंपन्यांच्या लिलावांतून, कोणाच्या तरी माळ्यावरून गोळा करायचो आणि एकाचे अवयव काढून दुसऱ्याला बसवायचो. परदेशात नवं मशीन मिळायचं, पण त्या पैशात इथे बरी सेकंडहँड मोटार आली असती. म्हणून वीस वर्षं आमची प्रत्येक बैठक एकाच वाक्यावर संपायची : कोणीतरी परवडेल असं नवं यंत्र बनवायला हवं. 'कोणीतरी' हा आमचा लाडका शब्द.

बाकीच्यांसाठी हा छंद होता. एकजण त्यावर जुने खेळ खेळतो, एकजण पत्रिका मांडतो, आमचे अध्यक्ष नुसतेच ते चालू करून समाधानाने बघत बसतात. माझ्या घरात मात्र त्यावर एक माणूस बोलतं.

ती माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच राहतो. ताईने बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि तिच्या तोंडाला लागायची हिंमत मुख्याध्यापकांनाही नव्हती. आठ वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बुद्धी जिथल्या तिथे राहिली, ही त्यातली सगळ्यांत क्रूर गोष्ट. डावा हात हलतो, पण त्याला इतका कंप आहे की पेन्सिल धरता येत नाही आणि मोबाइलवर बोट टेकवलं तर एकाच्या जागी पाच अक्षरं उमटतात.

मी नोकरीत आरेखक होतो, नकाशे काढायचो. प्रोग्रॅम लिहायला शिकलो तो या एका सिस्टिमवर, तेवढाच. तिच्यासाठी मी एक साधा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळतात. हवी ती ओळ उजळली की ताई बटण दाबते, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक उजळतात, पुन्हा बटण, मग काना-मात्रा. बटण म्हणजे दाराच्या घंटीचं, लाकडी फळीवर बसवलेलं. ते तिला तळहाताने दाबता येतं. एक वाक्य लिहायला दहा मिनिटं लागतात. पण वाक्य तिचं असतं. मंडईतून मी जाड भेंडी आणली की दहा मिनिटांनी पडद्यावर येतं, 'ही तूच खा.'

भाच्याने एकदा हेच टॅबलेटवर करून दिलं होतं. ताई चार दिवस एका विद्यार्थिनीला पत्र लिहीत होती. मध्येच पडद्यावर कसलीशी चौकट उगवली, नवी आवृत्ती घ्यायची का म्हणून. ताईचा हात नेमका त्याच क्षणी बटणावर पडला. टॅबलेट बंद होऊन पुन्हा चालू झाला तेव्हा पत्र गेलेलं होतं. त्या टॅबलेटकडे तिने पुन्हा बघितलं नाही. तो आता भाच्याचा मुलगा जेवताना बघतो.

तर आमचं ते मशीन म्हणजे ताईची जीभ होती, आणि जीभ जुन्या बाजारातून आणलेली होती. हे मला पक्कं माहीत होतं. मंडळात मात्र मी ताईबद्दल कधी फारसं बोललो नाही. तिथे घरचं बोलायची पद्धत नाही.

पद्धतीवरून आठवलं. मंडळाची एक दोष-वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. पहिल्या वर्षी अध्यक्षांनी नियम घालून दिला की टेबलावर जी वस्तू येईल तिचा प्रत्येकाने निदान एक दोष सांगायचा. ज्याला दोष सापडणार नाही त्याने त्या दिवशी सगळ्यांचा चहा द्यायचा. वीस वर्षांत कोणी कोणाला चहा दिलेला नाही. ज्याने वस्तू वापरून तपासली असेल त्याने सविस्तर यादी करून वाचायची, आणि हे काम चिटणिसाचं. यालाच आम्ही दर्जा राखणं म्हणायचो. कौतुक करायला डोकं लागत नाही, असं अध्यक्ष म्हणत, आणि आम्ही माना डोलवत असू. पुण्यात जन्मलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

गेल्या वर्षी जूनच्या बैठकीला एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण आमच्यात बसल्यावर मुलगीच. मूळची अकोल्याकडची, हडपसरला एका कंपनीत नोकरी, गाडीतळाजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहायची. कॉलेजात असताना कुठल्या तरी प्राध्यापकाच्या मशिनवर तिने ही सिस्टिम पाहिली होती आणि तेव्हापासून ती तिच्या डोक्यात बसली होती. तिने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. आमच्यातल्या एकाने मांडीवर रुमाल पसरला. त्याला वाटलं खायला आणलंय.

डब्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडलेली होती आणि बाजूने वायरी निघत होत्या. आत तळहाताएवढा हिरवा बोर्ड होता, तिने स्वतः आखलेला. तिने तो पडद्याला जोडला आणि सहा सेकंदांत आमची सिस्टिम उभी राहिली. माझ्या घरच्या मशिनला वीस लागायचे.

"केस नाही केली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"केस महाग पडते जी, साचा करावा लागतो. स्टीलच्या डब्यात हीट बी निघून जाते. आणि भांड्याच्या दुकानात कुठंही भेटते."

किंमत तिने सांगितली. साधा मोबाइल येतो तेवढी. वीस वर्षं ज्या 'कोणीतरी'ची वाट बघत होतो ती समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. भोसरीचा बोर्ड बनवणारा कारखाना पंधरा नगांच्या खाली काम घेत नव्हता. चार मागण्या तिच्या ओळखीतून आल्या होत्या. आम्ही अकरा. गणित इतकं सोपं होतं की ते तिने सांगितलंही नाही, नुसतं आमच्याकडे बघून हसली.

"आधी तपासणी," अध्यक्ष म्हणाले. "चिटणीस पंधरा दिवस वापरतील."

मी डबा घरी आणला, कोणी बनवला तेही ताईला सांगितलं. त्यातल्याच मेमरी कार्डावर ताईचा प्रोग्रॅम चढवला आणि घंटीचं बटण जोडलं. ताईने पहिलं वाक्य लिहिलं तेव्हा माझ्याही लक्षात आलं की बटण दाबल्यावर मशीन जरासं थबकायचं ते थबकणं गेलं होतं. दहा मिनिटांचं वाक्य सहा मिनिटांत झालं. वाक्य होतं, 'हे चांगलं आहे. घे.'

"बघू," मी म्हणालो.

आता हे लिहिताना त्या 'बघू'ची मला किळस येते. मनात काय होतं तेही सांगतो. आपलं जुनं मशीन चालू आहे. माळ्यावर एक जादाचंही आहे. पहिल्या खेपेत काही ना काही निघणारच, ते बाकीच्या दहांना निघू दे. दुसऱ्या खेपेत दोष जातील, किंमतही उतरेल, तेव्हा घेऊ. मला हा माझा व्यवहारीपणा वाटत होता.

पंधरा दिवस ताई त्यावर लिहीत होती. दुपारी मी वामकुक्षी घेत असताना आतून बटणाचा आवाज यायचा. काय लिहितेस म्हणून मी विचारलं नाही. संध्याकाळी ती झाली की मी त्याच डब्यावर बसून दोषांची यादी टाइप करायचो. पहिला, झाकण घट्ट बसतं. चौथा, निळा दिवा डोळ्यांत जातो. नववा, चार स्क्रूंपैकी एकाचं डोकं वेगळं आहे. बारावा, वायर वीतभर कमी पडते. सोळावा, घड्याळ दिवसाला नऊ सेकंद मागे पडतं. एकोणिसावा, डब्यावर भांड्याच्या दुकानातलं लेबल अर्धवट निघालेलं आहे. ही सगळी यादी मी त्या यंत्रावर लिहिली आणि ते एकदाही अडकलं नाही.

सव्वीस झाल्यावर मला सत्तावीस हवे झाले, नक्षत्रांइतके. वाचताना बरं वाटतं. मी बराच वेळ विचार करून सत्ताविसावा लिहिला : 'हे यंत्र नेमकं कोणासाठी बनवलं आहे, ते स्पष्ट होत नाही.' त्या वाक्यावर मी खूश होतो. माझ्या मागे तीन फुटांवर ताई खुर्चीत बसलेली होती.

जुलैच्या बैठकीत मी यादी वाचली. मी बरं वाचतो. कुठे थांबायचं, कुठे चष्मा वर करायचा, हे मला कळतं. एकोणिसाव्याला हशा आला. सत्ताविसाव्याला अध्यक्षांनी "वा!" म्हटलं, आणि वीस वर्षांत त्या खोलीत कोणाला मिळालेलं कौतुक बहुधा तेवढं एकच. मग बाकीच्यांनी आपापला दोष सांगितला. एकाला बोर्डचा हिरवा रंग गडद वाटला. एकजण म्हणाला की इतकं स्वस्त आहे म्हणजे काहीतरी असणारच, आणि तोच त्याने आपला दोष म्हणून वहीत लिहायला लावला.

मुलगी एका छोट्या वहीत सगळं उतरवून घेत होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"काका, पंधरा दिवसांत हे कधी बंद पडलं का?"

"बंद नाही पडलं," मी म्हणालो. "पण तो मुद्दाच नाही."

सगळे हसले. मीही हसलो. तीही थोडं हसली, आणि मला वाटतं तेव्हाच तिला आम्ही कळलो असू.

मागणी कोणी नोंदवली नाही. 'दुसरी आवृत्ती येऊ द्या' असं ठरलं. अकरा माणसं, प्रत्येकजण बाकीच्या दहांची वाट बघत. खाली चहा घेतला तो नेहमीसारखा टीटीएमएम, तुझं तू माझं मी. हडपसरहून दोनदा बस बदलून आलेल्या त्या मुलीने आपल्या कटिंगचे पैसे आपण दिले, आणि ते अकराजणांनी नीट बघितलं. डबा पिशवीत घालून ती म्हणाली, "बरं. येते मी." अध्यक्षांनी तिला सांगितलं, "निराश होऊ नका. आम्ही चांगल्यासाठीच सांगतो."

पुढे मोबाइलवरच्या मंडळाच्या ग्रुपमध्ये तिचे निरोप येत राहिले. मागणी कळवायची शेवटची तारीख अमुक. एकाने विचारलं, करड्या रंगात मिळेल का. एकाने अंगठा दाखवला आणि मागणी कळवली नाही. एका निरोपात तिने विचारलं होतं, 'बोर्ड परत आला त्याच्या कार्डावर कोणाची तरी एक फाइल राहिली आहे. कोणाची आहे?' मी चिटणीस, उत्तर देणं माझं काम. मी मंडईत भाजी घेत होतो. एका हाताने लिहिलं, 'चाचणीचा मजकूर असेल. पुसून टाका.'

तारीख उलटली. मुलगी ग्रुपमधून निघून गेली. 'आजकालच्या मुलांना टीका सोसत नाही,' असं अध्यक्षांनी लिहिलं, त्यावर आठ अंगठे आले. एक माझा होता.

डिसेंबरात एका सकाळी आमच्या जुन्या मशिनमधून जळकट माशासारखा वास आला आणि पडदा काळा झाला. आतले कपॅसिटर फुगून फुटले होते. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "काका, हे आता म्युझियमला द्या." मी घाबरलो नाही. माळ्यावर दुसरं होतं. ते खाली काढलं, उघडलं. आतल्या बॅटरीतून केव्हातरी पाझर लागून सगळ्या बोर्डवर हिरवट-पांढरा चिकट थर चढला होता, जुन्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली चढतो तसा. मी तो ब्रशने घासला तर त्याबरोबर तांब्याच्या रेघाही निघून आल्या. हाताला वास लागला. आठ वर्षं मी याच्या भरवशावर 'बघू' म्हणत होतो.

ताई खुर्चीतून सगळं बघत होती.

मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली आणि तिच्यापुढे धरली. तिचा हात थरथरत एका अक्षराजवळ यायचा, मग तीन अक्षरांच्या मधे फिरायचा. मी अंदाज करायचो. 'पा... पाणी? पांघरूण? पान?' दोन अक्षरं झाली की मी वाक्य पुरं करायचो, घाईने, मोठ्या आवाजात, जणू ती बहिरी आहे. वाक्य प्रत्येक वेळी माझं असायचं. एका दुपारी तिने हात मांडीवर ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. मी पुठ्ठा पुढे केला की ती डोळे मिटायची. ज्या बाईने मला बाराखडी शिकवली तिला मी तोंडावर 'पाणी का, पाणी का' करत होतो. मी तिच्या जागी असतो तर डोळे उघडलेच नसते. जाड भेंडी आणली तरी घरात कोणी काही म्हणेना.

जानेवारीच्या बैठकीत मी पहिल्यांदा ताईचं सगळं सांगितलं. तिचं बोलणं कसं चालायचं, ते कसं थांबलं. तिच्यासाठी थोडे महिने कोणी मशीन देईल का, असं विचारलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरी जादाचं मशीन आहे. मला माहीत आहे, मीच त्यांची नोंद ठेवायचो.

"द्यायला काय हो," अध्यक्ष म्हणाले, "पण जुनं हाड आहे. हलवलं की बिघडतं."

"माझं सीलबंद आहे," दुसरा म्हणाला. "उघडलं की त्याचं मोलच गेलं."

तिसरा म्हणाला, "आपण टॅबलेट का नाही घेत ताईंना?" हाच माणूस इतकी वर्षं टॅबलेट वापरणाऱ्यांना अडाणी म्हणत आला आहे.

मला तिथे ओकारी येईल असं वाटलं. मग कोणीतरी म्हणालं, त्या मुलीचा बोर्ड असता तर काम झालं असतं. सगळ्यांनी सुस्कारे टाकले. ती आता बोर्ड बनवत नाही, असं एकाला कुठूनसं कळलं होतं. त्यावर फार हळहळ झाली, आणि अध्यक्षांनी ठराव मांडला : 'होतकरू तरुणांच्या उपक्रमांना समाजाकडून प्रतिसाद मिळत नाही, याबद्दल ही सभा खेद व्यक्त करते.' ठराव एकमताने मंजूर झाला. समाज म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. मी तो माझ्या वळणदार अक्षरात वहीत लिहिला आणि खाली सही केली.

मग आम्ही चहा प्यायलो. आपापला.

हडपसरला जायला मला आणखी दोन महिने लागले. तिचा नंबर माझ्याकडे होता, पण काय तोंडाने फोन करायचा, हे ठरत नव्हतं. शेवटी मार्चमधल्या एका रविवारी ताईने दिवसभरात एकदाही डोळे उघडून माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हा फोन केला. ती सहज म्हणाली, "या ना काका." तेही मला टोचलं. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

गाडीतळाच्या थांब्यावर उतरून भाजीच्या गाड्या आणि उलट्या येणाऱ्या मोटारसायकली चुकवत मी तिची इमारत शोधली. तिसरा मजला. तिने पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. स्वयंपाकाच्या ओट्यावर तो स्टीलचा डबा होता. झाकणाला भोकं, लेबल खरवडून काढलेलं. मी बघतोय हे पाहून ती म्हणाली, "त्यात लसूण ठेवते आता. हवा लागते ना जी, खराब नाही होत."

मागण्या पुऱ्या न झाल्यामुळे तिने आखणी परदेशातल्या एका अशाच मंडळाला तशीच देऊन टाकली होती. त्यांनी चार दिवसांत नग ठरवले आणि आता तेच बनवतात. तिला त्याचं काही मिळत नव्हतं, आणि त्याचं तिला विशेष काही वाटतही नव्हतं. इथून मागवलं तर वाहतूक आणि जकात धरून दुपटीच्या पुढे जातं, असं तिनेच सांगितलं.

तिने ड्रॉवर उघडला. आत माझी यादी होती, तिच्या वहीतून फाडून घडी घातलेली. प्रत्येक दोषापुढे हिरव्या शाईने बरोबरची खूण. वायर लांब केली, दिवा बदलला, घड्याळ दुरुस्त केलं. सगळं. सव्वीस खुणा होत्या. सत्ताविसाव्यापुढे काही नव्हतं.

यादीखाली एक बोर्ड होता, पारदर्शक पिशवीत.

"हा एक मी ठेवला," ती म्हणाली. "काका, हे सत्ताविसावं तेवढं बरोबर नव्हतं. मले माहीत होतं कोणासाठी आहे."

तिने बोर्ड पडद्याला जोडला. सहा सेकंदांनी ताईचा प्रोग्रॅम समोर आला, माझा, मी कार्डावरून पुसायला विसरलेला. अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळायला लागल्या. मग तिने ती फाइल उघडली.

'मुली, तुझं यंत्र चांगलं आहे. दाबलं की लगेच ऐकतं. माझ्यासाठी एक ठेव. भाऊ खुसपटं काढील. ती मनावर घेऊ नकोस. तू चहा घेतलास का?'

मी हिशोब करायला गेलो आणि सोडून दिला. एकेक अक्षर, एकेक काना, थरथरता तळहात, आणि बाहेर मी झोपलेला. दुपारचा तो बटणाचा आवाज हा होता.

"तुम्हीच म्हणालात चाचणीचं आहे, पुसून टाका," ती म्हणाली. "पण चाचणीचं असं कोण लिहिते जी? नाव नाही, पत्ता नाही. मंग म्हटलं, ठेवून देऊ. ज्याचं असेल ते येईल."

पासष्ट वर्षांच्या माणसाला दोन चांगले शब्द येऊ नयेत, याची मला त्या खोलीत लाज वाटली. मी किमतीचं विचारलं, कारण तेवढंच मला येत होतं. तिने तीच सांगितली, जूनमधली. निघताना तिने बोर्ड पिशवीत गुंडाळून दिला. "डबा तेवढा तुमचा तुम्ही घ्या," म्हणाली, "यात लसूण आहे."

डबा मी वाटेत घेतला. भोकं घरी पाडली, वेडीवाकडी. ताईने तीन महिन्यांनी बटणावर हात ठेवला तेव्हा मी खोलीतून बाहेर जाऊन उभा राहिलो. सहा मिनिटांनी आत आलो. पडद्यावर होतं, 'तिला चहाला कधी बोलावतोस?'

"बघू," माझ्या तोंडून गेलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. आठवीच्या वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाकडे ती अशी बघायची.

त्याला आता सात आठवडे झाले. मी मंडळाचा राजीनामा दिला, त्यात अध्यक्षांनी तीन दोष काढले. मुलीला फोन करायला मी अनेकदा मोबाइल उचलला आहे, आणि काय बोलायचं ते न सुचून खाली ठेवला आहे. यंत्र रोज सकाळी सहा सेकंदांत सुरू होतं, आणि ताई दुसरं काही लिहायच्या आधी तेच एक वाक्य लिहिते.